वर्गातलं कपाट: डॉग ट्रेनिंगच्या जागेत काय विकायचं, काय नाही

डॉक्टरांनी लॅब्रेडॉरचा वरचा ओठ उचलला, त्याला आमच्या वर्गाला आणणाऱ्या काकांनी मोबाइलवर फोटो काढला आणि आम्हाला पाठवला. वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ, कुत्रा मांस कापायला वापरतो ती, तिचा बाहेरच्या बाजूचा टवका उडाला होता. आत गुलाबी ठिपका दिसत होता, म्हणजे नस उघडी पडली होती. दाढ काढावी लागली. कारण होतं चघळायला दिलेलं शिंग, आणि ते शिंग आमच्या कपाटातून गेलेलं होतं.

काका चिडले नाहीत. पुढच्या वर्गाला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्याकडे होतं म्हणून डोळे झाकून घेतलं."

त्यानंतर आम्ही कपाट रिकामं केलं. पुन्हा भरताना काय ठेवलं, काय ठेवलं नाही आणि कशावरून आमचं जुंपलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कुत्र्यांचे वर्ग चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी विक्री सुरू करावीशी वाटते, आणि तेव्हा सल्ला मिळतो तो माल विकणाऱ्यांकडूनच.

वर्ग माझी मैत्रीण घेते. नावनोंदणी, हिशेब आणि माल माझ्याकडे. विक्री सुरू झाली ती लोकांच्या मागणीवरून. तास संपला की कोणीतरी विचारायचंच, "हा पट्टा कुठे मिळाला? ही ट्रीटची पिशवी कुठली?" आम्ही सांगायचो, लोक भलतंच काहीतरी घेऊन यायचे आणि पुढचा अर्धा तास त्या भलत्या वस्तूशी झगडण्यात जायचा. शिवाय वर्गाची कमाई तासांना बांधलेली. मैत्रीण आजारी पडली की कमाई बंद. मालाच्या विक्रीतून थोडा आधार होईल असं दोघींनाही वाटलं. त्या विचारात काही खोट नव्हती.

चुकलो ते निवडीत. डिस्ट्रिब्युटरने नव्या दुकानांसाठी असते तशी तयार यादी दिली आणि आम्ही ती जशीच्या तशी उचलली. 63 प्रकारचा माल आला: हार्नेस (गळ्याऐवजी अंगावर बसणारे पट्टे), गळपट्टे, आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या लीश (कुत्र्याला धरून फिरवायच्या दोऱ्या), शिंगं, खूर, दोरीची खेळणी, रेनकोट, शांपू, भांडी, कंगवे. भरलेलं कपाट बघून बरं वाटायचं. येणारे लोकही कौतुक करायचे.

वर्ष झाल्यावर मी वह्या काढल्या. सहा-सात वस्तू सतत जात होत्या, बाकीचा माल पडून होता. इथे एक साधं गणित सांगते, कारण आमच्या दोघींच्याही ते आधी लक्षात आलं नव्हतं. समजा एखादी वस्तू 100 ला घेतली आणि 150 ला विकली. आपण म्हणतो 50 टक्के सुटले. पण विक्रीच्या रकमेतला आपला वाटा 50 टक्के नाही, 33 टक्के आहे. आता अशा 10 वस्तू घेतल्या, म्हणजे 1000 गुंतले. त्यातल्या 7 विकल्या, तर हातात 1050 आले. सात गिऱ्हाईकं झाली आणि सुटले फक्त 50. उरलेल्या तीन वस्तू कपाटात धूळ खात आहेत आणि सगळा नफा त्यांच्यात अडकून पडला आहे. ट्रीटचं पाकीट असेल तर त्या तिघांची तारीखही उलटते.

तरी नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर आम्ही दोन सूट-योजना काढून तो निस्तरला असता. काकांच्या वाक्याने प्रश्नच बदलला. दुकानात माणूस स्वतः निवडतो, दुकानदाराचं बोलणं तो थोडं कमी करूनच ऐकतो. वर्गात येणारा कुत्र्याचा पालक मात्र शिकायला आलेला असतो. बाई जे हातात घेतात ते बरोबर, असं तो मनाशी धरूनच बसलेला असतो. त्यामुळे आमच्या कपाटातली प्रत्येक वस्तू आम्ही तोंडाने शिफारस न करताही शिफारस झालेली असते.

एका रविवारी सगळा माल जमिनीवर मांडला आणि मैत्रीण मधोमध बसली. एकेक वस्तू उचलायची आणि म्हणायची, "ही मी उद्या वर्गात एखाद्या कुत्र्याला लावेन का? त्याच्या पालकाला वापरायला शिकवेन का?" नाही म्हटलं की वस्तू डावीकडे. तासाभरात डावा ढीग उजव्याच्या चौपट झाला होता.

सगळ्यात आधी डावीकडे गेली ती आपोआप गुंडाळली जाणारी लीश. वर्गाच्या पहिल्याच तासाला आपण शिकवतो की कुत्र्याने ओढलं की थांबायचं, पट्टा सैल झाला की पुढे जायचं. ओढून काही मिळत नाही हे त्याला कळायला हवं. ही लीश त्याला नेमकं उलटं शिकवते: ओढ, म्हणजे दोरी मिळेल. पट्ट्यावर कायम ताण, आणि तो ताण म्हणजे कुत्र्याला चालत राहण्याची परवानगी. वर बारीक दोरी हाताला किंवा पोटरीला कापत जाते, आणि ते जाड मूठ असलेलं खोकं हातातून सुटलं तर आवाज करत कुत्र्याच्या मागे धावतं. घाबरट कुत्रा त्याने आणखी पळतो. वर्षभर आम्ही मैदानात एक शिकवत होतो आणि दाराशी त्याच्या उलट विकत होतो, हे तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं.

मग शिंगं आणि खूर. मैत्रिणीने शिंगावर अंगठ्याचं नख दाबलं. खूण उमटली नाही. पशुवैद्य ही चाचणी सांगतात: चघळायच्या वस्तूत नख रुतत नसेल तर ती दातांसाठी फार कडक आहे. शिंग, खूर, मोठी हाडं सगळी यात येतात. कातड्याची दाबून केलेली हाडं नरम पडतात, पण मोठा तुकडा गिळला तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. दोरीच्या खेळण्याचे धागे सुटून पोटात गेले तर आतडं त्या धाग्यावर गोळा होतं आणि ऑपरेशनची वेळ येते. दोरी आपण हातात धरून खेळायला उत्तम आहे, पण कपाटातून घरी गेली की ती कुत्र्याजवळ एकटीच पडून राहते. म्हणून तीही डावीकडे.

चघळण्यासाठी शेवटी एकच प्रकार ठेवला: पोकळ, लवचिक रबराचं खेळणं, ज्यात खाऊ भरता येतो. या खेळण्याची गोष्ट आमच्या प्रकरणाला अगदी लागू पडते. 1970च्या दशकात जो मार्कहॅम या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात खराब करत होता. मार्कहॅम जुनी फोक्सवॅगन दुरुस्त करत असताना त्याने वैतागून गाडीचे सुटे भाग कुत्र्याकडे टाकले, आणि त्यातला सस्पेन्शनचा रबरी भाग कुत्र्याने उचलून धरला. त्यातूनच पुढे काँग हे खेळणं आलं. आम्ही ते तीन आकारांत ठेवतो आणि दोन आकारांत शंका असेल तर मोठाच सुचवतो, म्हणजे घशात जाणार नाही. सोबत एक कागद देतो. त्यावर भरायचं काय आणि काय नाही हे ठळक अक्षरांत असतं. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते आधी वाचा. माणसाला निरुपद्रवी असलेला हा गोडवा कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतो आणि यकृताला इजा करू शकतो. मनुका आणि द्राक्षं भरायची नाहीत.

डाव्या ढिगाचं करायचं काय, यावरून आमचं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, निम्म्या किमतीत काढून टाकू. पैसे माझ्या वहीतले होते, मला ते दिसत होते. ती म्हणाली, "जे माझ्या कुत्र्याला नको म्हणून बाजूला काढलं, ते स्वस्तात दुसऱ्याच्या कुत्र्याला द्यायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिस्ट्रिब्युटरने न उघडलेला थोडा माल परत घेतला. भांडी, कंगवे, रेनकोट सवलतीत गेले, त्यांत धोका काही नव्हता. शिंगं, खूर आणि त्या लीश आम्ही फेकल्या आणि तेवढा तोटा वहीत लिहिला. शिंगं घेऊन गेलेल्या प्रत्येकाला मी फोनही केला. तो दिवस अवघड गेला, पण ते करायलाच हवं होतं.

हार्नेसवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जाणारच होता. गळ्यावर ओढ बसते म्हणून हार्नेस, एवढंच लोकांना माहीत असतं. पण छातीवरून आडवा पट्टा जाणारा हार्नेस खांद्याच्या सांध्यावर येऊ शकतो आणि मग पुढचा पाय मोकळा पडत नाही. आम्ही समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा निवडला: मधला पट्टा छातीच्या हाडावरून खाली जातो, खांदे सुटे राहतात. एक कडी पाठीवर, एक छातीवर. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीच्या कडीत पट्टा लावला की ओढताना तो बाजूला वळतो आणि त्याचं वजन पूर्वीसारखं पुढे लागत नाही. तेवढ्यात आपल्याला शिकवायला सवड मिळते. शिकवणं तरीही आपल्यालाच करायचं असतं, आणि हे आम्ही हार्नेस हातात देतानाच सांगतो.

डिस्ट्रिब्युटरच्या यादीत हा हार्नेस पाच मापांत आणि चार रंगांत होता. म्हणजे प्रत्येकी एक घ्यायचा म्हटला तरी 20 नग, आणि गिऱ्हाईकाला हवा तो नेमका संपलेला. आम्ही रंग एकच ठेवला, काळा. पाचही मापांचा एकेक नमुना वर्गात टांगला. कुत्र्याला घालून बघायचं, माप ठरवायचं, मग मागवायचं. सगळ्यात जास्त जाणाऱ्या मधल्या दोन मापांचेच नग हाताशी. लोकांना आठवडाभर थांबावं लागतं, पण चुकीचं माप घरी जात नाही.

घालून बघणं म्हणजे नुसती बकल लावणं नाही. एकदा खोल छातीची, बारीक कमरेची एक भित्री कुत्री आली होती. हार्नेस उभ्या उभ्या अगदी बेतशीर बसला. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जात होती, म्हणजे नियमाप्रमाणे बरोबर. मग मैत्रिणीने तिच्यासमोर उभं राहून पट्टा हलकेच स्वतःकडे घेतला. कुत्रीने मान खाली घातली, कोपर आत ओढले, दोन पावलं मागे सरकली आणि सगळा हार्नेस कानांवरून उलटा निघून आला. हे बंद हॉलमध्ये झालं म्हणून ठीक. रस्त्यावर झालं असतं तर ती हरवली असती. तिला आम्ही बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर तिसरा पट्टा येणारा हार्नेस मागवून दिला. तेव्हापासून प्रत्येक कुत्र्याला 'मागे सरकून बघ' ही परीक्षा आहे. ज्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, त्यांना साधा गळपट्टाही असाच निसटतो; त्यांच्यासाठी ठराविक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा मार्टिंगेल गळपट्टा असतो. ती मर्यादा कुत्र्याच्या मानेवर जुळवून द्यावी लागते, नाहीतर तो फासच होतो. म्हणून तो आम्ही हातात पिशवी देऊन विकत नाही, बसवूनच देतो.

चार महिन्यांच्या पिल्लासाठी कोणी महागडा हार्नेस मागितला तर आम्ही नको सांगतो. दीड-दोन महिन्यांत तो लहान होणार. वर्गापुरता आमचा नमुना वापरा म्हणतो. यात विक्री बुडते हे खरं, पण तेच पालक पुढे मोठ्या मापाला येतात तेव्हा विचारत बसत नाहीत.

ट्रीटच्या बाबतीत वर्गाची गरज दुकानापेक्षा वेगळी असते. आपल्याला एका तासात कित्येक डझन वेळा बक्षीस द्यायचं असतं. त्यामुळे तुकडा वाटाण्याएवढा हवा आणि मऊ हवा. कडक बिस्किट दिलं की कुत्रा ते कुरकुरत बसतो, चुरा जमिनीवर पडतो, तो हुंगत बसतो आणि हातातला क्षण निघून जातो. आधी आम्ही आठ प्रकार ठेवले होते. आता दोन: एक मऊ, वासाचा, सहज तोडता येणारा, दुसरा एकाच प्रकारच्या मांसाचा, ज्या कुत्र्यांना ॲलर्जीमुळे बाकी काही चालत नाही त्यांच्यासाठी. पाकीट लहानच. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण मऊ ट्रीटमध्ये ओलावा असतो, उघडल्यावर ती टिकत नाही. आधी आलेलं आधी जावं म्हणून नवं पाकीट नेहमी मागे लावायचं, आणि महिन्यातून एकदा तारखा बघायच्या.

दिवसभराच्या कॅलरींपैकी साधारण 10 टक्क्यांपेक्षा जास्त ट्रीटमधून जाऊ नयेत, हे पशुवैद्यांचं सांगणं आम्ही पाकिटाबरोबरच सांगतो. आणि घरी उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे बारीक तुकडे तितकेच चालतात, हेही. मला आधी वाटलं होतं की असं सांगितल्यावर कोण विकत घेईल. लोक घेतात. रोज उकडायला सगळ्यांना वेळ नसतो, आणि खरं सांगितल्यावर मनात किंतू राहत नाही.

क्लिकर (दाबला की 'टिक्' वाजणारी छोटी डबी) आणि कमरेची ट्रीट-पिशवी या दोन गोष्टी आम्ही विकणंच बंद केलं. त्या आता फीमध्येच येतात. क्लिकरचं तत्त्व जुनं आहे. केलर आणि मरियन ब्रेलँड या जोडप्याने 1940च्या दशकातच प्राण्यांना शिकवताना आवाजाची खूण वापरली, आणि 1990च्या दशकात प्रशिक्षक कॅरन प्रायर यांच्यामुळे ती कुत्रे पाळणाऱ्यांच्या घरोघरी पोचली. 'हेच बरोबर' हे त्या क्षणाला सांगायचं, मग खाऊ द्यायचा. आता वर्गातल्या दहा जणांपैकी चौघांकडेच ते साधन असेल, तर बाईंनी शिकवायचं कोणाला? ज्या वस्तूशिवाय पहिला धडाच होत नाही, ती ऐच्छिक विक्रीला ठेवणं म्हणजे न घेणाऱ्याला मागे पाडणं. फी थोडी वाढली. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

लाँग लाइन, म्हणजे मोकळ्या मैदानात वापरायची लांब दोरी, ठेवली. पाच आणि दहा मीटर, वर आवरण असलेल्या पट्टीची, कारण सुती दोरी भिजली की जड होते आणि चिखल धरते. ती हार्नेसलाच लावायची, गळपट्ट्याला कधीही नाही. दहा मीटर धावत गेलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की बसणारा झटका मानेने सोसायचा नसतो. दोरी कशी धरायची हे मैदानात दाखवल्याशिवाय आम्ही ती देत नाही.

मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला घालायची मुसकी, खपत नाही. वर्षात हातावर मोजण्याइतक्या जातात, आणि माझ्या वहीच्या हिशेबाने ती कपाटात असूच नये. तरी ठेवली. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांकडे नेताना ती लागते, आणि लागते तेव्हा लोक घाईघाईत कापडी घट्ट मझल आणतात. कुत्र्याचं अंग गार होतं ते मुख्यतः धापा टाकून. घामाच्या ग्रंथी त्याला जेमतेम पंजांना. तोंड बांधून टाकलं तर तापायला वेळ लागत नाही. जाळीच्या टोपलीसारख्या मझलमध्ये त्याला तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. तिचेही नमुने टांगलेत, मापाने मागवतो, आणि सवय लावण्याचा पहिला अर्धा तास त्यातच येतो.

भुंकणं थांबवणारे, झटका देणारे, टोचणारे पट्टे लोक मागतात. "तुम्ही नाही दिला तर बाहेरून घेऊ," असंही म्हणतात. वेल्सने विजेच्या झटक्याच्या पट्ट्यांवर 2010 सालीच बंदी घातली, आणि प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संस्थेने 2021 मध्ये बक्षिसावर आधारित पद्धतीच वापरा असं स्पष्ट लिहून ठेवलं. पण हे पुरावे समोर ठेवण्याआधी मैत्रीण विचारते, "कधी भुंकतो? कोण घरात असतं तेव्हा?" बहुतेकदा पाचव्या मिनिटाला कळतं की कुत्रा दिवसभर एकटा आहे, किंवा दारावरच्या घंटेला घाबरतो. तिथून बोलणं पट्ट्याकडे परत जातच नाही.

पूर्ण आहाराची पोती, गोचिडाची औषधं, 'शांत करणाऱ्या' गोळ्या, हे काहीच ठेवत नाही. पोत्यांना जागा लागते हे एक, पण खरं कारण वेगळं आहे. धान्यविरहित आहार आणि कुत्र्यांमधला एक हृदयविकार यांचा संबंध असू शकतो का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये जाहीर केली. असा प्रश्न उद्या कोणी आम्हाला विचारला, तर उत्तर देण्याचा अधिकार आमचा नाही, डॉक्टरांचा आहे.

विकण्याची रीतही बदलली. मैत्रीण वर्गात वस्तूचं नाव घेत नाही. फक्त 'छातीवर कडी असलेला हार्नेस' असं म्हणते. कपाटाच्या दारावर चिकटवलंय की इथल्या विक्रीतून वर्गाला पैसे सुटतात आणि अशाच वस्तू बाहेरूनही चालतील. बाहेरून आणलेली वस्तू आम्ही तितक्याच आपुलकीने बसवून देऊ.

आता कपाटात 14 वस्तू आहेत. एकूण विक्री पूर्वीपेक्षा कमी आहे, पण तारीख उलटलेलं पाकीट गेल्या वर्षभरात एकही निघालं नाही आणि डिस्ट्रिब्युटरचं बिल मी त्याच महिन्याच्या पैशांतून देते. अगदी लहान जातींच्या कुत्र्यांना बसेल असा हार्नेस अजून मिळालेला नाही. सगळ्यात लहान मापातही बकल त्यांच्या काखेत घासतं. शोध चालू आहे.

आणि एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. नाकावरून पट्टा जाणारा हेडकॉलर. डोकं वळलं की अंग वळतं, त्यामुळे हलक्या अंगाच्या माणसालाही दांडगा कुत्रा आवरता येतो. मैत्रिणीचं म्हणणं, सवय लावल्याशिवाय घातला की कुत्रा पंजाने नाक ओरबाडतो, आणि झटका बसला तर मान पिळवटते. लोक सवय लावायचे कष्ट घेणार नाहीत. माझं म्हणणं, मझलसारखाच हाही पहिल्या अर्ध्या तासासकट देऊ. येत्या तुकडीत एक ग्रेट डेन आहे, आणि त्याला फिरवणार आहेत एक आजी, ज्यांच्या मनगटाला प्लास्टर होतं ते मागच्याच महिन्यात निघालं. एक नमुना मागवला आहे. तो सध्या कपाटात नाही, मैत्रिणीच्या पिशवीत आहे. पहिले तीन दिवस ती तो स्वतःच्या कुत्र्याला घालून बघणार आहे.